औषधाची रिअ‍ॅक्शन आली तर वॉर्डातल्या नर्सने रिपोर्ट कुठे करायचा? डॉक्टरांनीच करावा लागतो का?

नाही, नर्स आणि फार्मासिस्टही करू शकतात. भारतात हे काम 2010 मध्ये सुरू झालेल्या फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याच्या) कार्यक्रमाखाली चालतं. त्याचं केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. बऱ्याच मेडिकल कॉलेजांत, मुंबईच्या केईएममध्येही, एडीआर (औषधाची घातक रिअ‍ॅक्शन) मॉनिटरिंग सेंटर असतं. तुमच्याकडे असेल तर फॉर्म तिथेच द्या. नसेल तर 1800-180-3024 हा टोल फ्री नंबर आहे.

फॉर्ममध्ये चार गोष्टी हव्यातच: पेशंटची आद्याक्षरं व वय, काय त्रास झाला आणि कधी सुरू झाला, संशयित औषध, आणि तुमचं नाव-सही.

सगळ्यात जास्त रिपोर्ट अडतात ते ‘औषधामुळेच झालं याची खात्री नाही’ म्हणून. खात्री लागतच नाही, संशय पुरे. संबंध किती पक्का ते सेंटरवाले तपासतात. समजा, सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन हे अँटिबायोटिक दिल्यावर अंगावर पुरळ आलं, तर व्हायल (औषधाची छोटी बाटली) लगेच फेकू नका. बॅच नंबर आणि एक्स्पायरी उतरवून घ्या. सोबत चालू असलेली बाकीची औषधंही लिहा, हे हमखास राहून जातं.

माहिती गोपनीय राहते. रिपोर्ट केला म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही, त्यामुळे बिनधास्त भरा.