डीएसएलआरसाठी नवी ५० एमएम एफ १.८ लेन्स घेतली. फोकस अचूक आहे का, हे कोल्हापुरात घरच्या घरी कसं तपासू?

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, अपर्चर एफ १.८ करा आणि अडीच मीटरवरच्या एकाच मजकुराचे फोटो आधी व्ह्यूफाइंडरमधून, मग लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या स्क्रीनवर बघून) काढून १०० टक्के झूमवर ताडून बघा. भिंतीवर सपाट चिकटवलेला पेपर चालेल. दर फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवा. व्ह्यूफाइंडरमधून काढताना फोकस वेगळा सेन्सर ठरवतो, लाइव्ह व्ह्यूत मुख्य सेन्सरच. म्हणून फक्त व्ह्यूफाइंडरचे फोटो सतत मऊ (किंचित अस्पष्ट) आले, तर काच ठीक, लेन्स आणि कॅमेऱ्याच्या फोकस सेन्सरची जुळणी चुकलेली; बॉडीत एएफ फाइन ट्यून (ऑटोफोकस थोडा पुढे-मागे सरकवण्याची सोय) असेल तर तिथेच सुधारा. दोन्ही मऊ आले तरच लेन्स परत न्या. संध्याकाळी रंकाळ्यावर हातात धरून काढलेल्या फोटोंवरून मात्र ठरवू नका, तिथे हात हलल्याचा दोषही लेन्सच्या माथी जातो.