न बिघडलेले कॉम्प्रेसरही हिशेबात धरा

तुमचा प्रश्न असा: बसगाड्यांवर एकाच वेळी बसवलेल्या १० एअर कॉम्प्रेसरपैकी ४ गेले, ८, ११, १४ आणि १७ महिन्यांनी. उरलेले ६ आज १८ महिने झाले तरी चालू आहेत. चौघांची सरासरी साडेबारा महिने, मग दर बारा महिन्यांनी सगळे बदलायचे का?

या सरासरीवरून अजिबात ठरवू नका. ती फक्त गेलेल्यांची आहे. उरलेल्या सहांनी प्रत्येकी १८ महिने काढले, ही नोंद तुम्ही फेकूनच दिलीत. अशा अर्धवट नोंदींना संख्याशास्त्रात 'सेन्सॉर्ड' म्हणतात, आणि वायबुल वितरणात (यंत्रांच्या आयुष्याचा अंदाज बांधायचं गणिती सूत्र) त्या व्यवस्थित बसवता येतात. दहाही धरून मी गणित केलं: बीटा (वयाबरोबर बिघाडाचा धोका वाढतो की घटतो ते सांगणारा आकडा; १ म्हणजे धोका सारखाच, जास्त म्हणजे वाढता, कमी म्हणजे घटता) साधारण २.८, सरासरी आयुष्य २० महिन्यांच्या आसपास. बिघाड चारच आहेत, त्यामुळे हे आकडे बरेच सैल समजा.

बीटा १ च्या जवळ असता, तर जुना काढून नवा बसवण्यात काहीच हशील नव्हता. १ च्या खाली असता, तर मी आधी फिटिंग आणि सुटे भाग तपासायला सांगितलं असतं. २.८ म्हणजे झीज, तेव्हा ठरावीक मुदतीने बदलण्यात अर्थ आहे. मात्र याच आकड्यांवरून १० टक्के कॉम्प्रेसर पहिल्या १० महिन्यांतच जातील असंही दिसतं. एअर ब्रेकची हवा तिथूनच येते. संध्याकाळच्या गर्दीत बस रस्त्यात उभी राहिली तर काय किंमत पडते, ते ओव्हरहॉलच्या खर्चाशेजारी मांडा. कदाचित बारा महिनेच बरोबर ठरतील, पण या हिशेबातून.

दुसरं, महिने किंवा किलोमीटर नको, इंजिनचे तास घ्या. मुंबईत हे फार महत्त्वाचं. सायनला गाडी अर्धा तास अडकली की किलोमीटर वाढत नाहीत, कॉम्प्रेसर मात्र इंजिनबरोबर फिरतच असतो.

आणि जॉब कार्ड. मी ज्या डेपोत शिकलो तिथे निम्म्या कार्डांवर 'एअर प्रॉब्लेम, ठीक केले' एवढंच असायचं. पिस्टन रिंग गेली, व्हॉल्व्ह गेला की नुसता पाइप गळत होता, काही कळायचं नाही. पाइप गळणं हा कॉम्प्रेसरचा बिघाड नव्हे. अशा कार्डावरून तो कॉम्प्रेसर त्या दिवसापर्यंत चालू होता, एवढंच धरायचं. तुमच्या चारही कार्डांवर नेमकं काय लिहिलंय ते फिटरला विचारून कळवा. त्यातलं एक जरी पाइपचं निघालं, तर वरचं सगळं गणित मी पुन्हा करून देतो.