लोणच्यातली मेथी समजा

ताई, ती बाटली टाकू नका. भावाने परदेशातून आणलेलं अँगोस्टुरा बिटर्स, म्हणजे पेयात थेंब-थेंब घालायचा कडू अर्क, चमचाभर तसंच प्यायलात म्हणता, मग तोंड कडूजहर होणारच. बाटली उलटी करून दिलेला एक झटका म्हणजे पाऊण ते एक मिलीलीटर आणि चमचा पाच मिलीचा, म्हणजे पाच-सहा झटके, दोन-तीन पेल्यांचा ऐवज एकदम घशात गेला! लोणच्यातली मेथी कोणी मूठभर चावत नाही. पण ती वगळून लोणचं घाला, काहीतरी राहिल्यासारखं लागतं. बिटर्स तसंच.

लेबल बाटलीपेक्षा मोठं, पार मानेपर्यंत आलंय ना? घाबरू नका, ते तसंच असतं. हे मुळात पोटाचं औषध. सिगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १८२४ साली व्हेनेझुएलातल्या अंगोस्तुरा गावी ते बनवलं. आता ते त्रिनिदादला बनतं. नाव गावाचं, त्याच नावाच्या झाडाची साल मात्र त्यात नसते. कडूपणा येतो जेन्शन नावाच्या वनस्पतीच्या मुळातून. आपलं काडेचिराईत त्याच कुळातलं, त्यामुळे लहानपणी ज्यांनी आजीच्या हातचा काढा प्यायलाय त्यांना ही चव ओळखीची वाटेल.

आता पेल्याकडे. भावाला ओल्ड फॅशन्ड नावाचं व्हिस्कीचं कॉकटेल करून द्या: चमचाभर साखर, दोन-तीन झटके बिटर्स, थोडं पाणी, साखर विरघळली की ६० मिली बर्बन (अमेरिकन व्हिस्की) आणि बर्फाचा एकच मोठा खडा. वर संत्र्याची साल पिळायची, आतला पांढरा भाग काढून. बिटर्सशिवाय हेच करून बघा, नुसती गोड व्हिस्की लागते.

पण ठाण्याच्या मे महिन्यात व्हिस्की कोण पितो? मी कोकम सरबतात पाण्याऐवजी सोडा घालतो आणि वर तीन झटके. कोकमाचा आंबटपणा एकदम भारदस्त होतो. लिंबू सोड्यातही छान. फक्त एक लक्षात ठेवा, यात ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. पेल्यात उतरतं ते थेंबभर, तरी जे दारूला शिवत नाहीत त्यांना आधी सांगा. मुलांना आणि गरोदर बाईला देऊच नका. शिजवल्यावर सगळं उडून जातं हाही गैरसमज आहे.

स्वयंपाकात मी बरीच माती खाल्ली आहे. मटणाच्या रश्श्यात घातलं, गरम मसाल्यापुढे पत्ताच लागला नाही. श्रीखंडात घातलं तर लवंगेसारखा वास पुढे आला आणि केशर मेलं. जमलं ते दोन ठिकाणी. कॅरमल कस्टर्डच्या पाकात चार-पाच थेंब टाकले, जळक्या साखरेशी चांगलं जुळलं. आणि राजेळी केळी तुपात परतून, वर गूळ घालून, गॅस बंद केल्यावर सहा थेंब. वास टिकायला हवा म्हणून शेवटी घालायचं. हे एकदा कराच.

घरी बनवता येतं का, असंही विचारलंत. येतं. ठाण्यात जांभळी नाक्यावर काष्ठौषधींच्या दुकानात काडेचिराईत मिळतं. पहिल्या खेपेला मी व्होडकात संत्र्याची साल, दालचिनी, लवंग, वेलदोडा आणि मूठभर चिराईत एकत्र आठवडाभर ठेवलं. सुगंध छान, पण कडूपणा असा की सगळं बेसिनमध्ये ओतलं. आता चिराईताच्या दोन-तीन काड्या वेगळ्या बाटलीत भिजवतो, मसाले वेगळ्या. दोन्ही गाळून घेतो आणि मसाल्याच्या बाटलीत कडू अर्क ड्रॉपरने थेंब-थेंब वाढवत नेतो. चाखायचं ते मात्र पाण्यात घालून, चमच्याने नाही!