विंडोज 11 न पुसता त्याच लॅपटॉपवर उबुंटू टाकता येईल का?

हो, विंडोज आणि तुमच्या फाइली आहेत तशा ठेवून उबुंटू (लिनक्सवर आधारित मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकता येतं. फक्त त्याची जागा आधी विंडोजमधूनच मोकळी करा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक, मग 'श्रिंक व्हॉल्यूम'. 25 जीबीत काम भागतं, पण जमलं तर 50 सोडा.

कॉलेजच्या लॅबमधली मशीन मी याच पद्धतीने लावतो. गाडी अडते ती बहुतेकदा या दोन ठिकाणी:

- बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय): नव्या लॅपटॉपवर तो आधीपासूनच चालू असू शकतो. 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, मग बिटलॉकर बंद करून डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या, म्हणजे ते कुलूप निघू द्या.
- फास्ट स्टार्टअप: हे चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि उबुंटूमधून सी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून बंद करा.

उबुंटूचा इन्स्टॉलर विचारेल तेव्हा विंडोजच्या 'अलाँगसाइड' (सोबत) असलेला पर्याय घ्या. 'इरेज डिस्क' चुकूनही नको, त्याने सगळंच जातं. नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. उबुंटू मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं.

मात्र पार्टिशनला (डिस्कच्या भागांना) हात लावताना शंभर टक्के खात्री कोणीच देऊ शकत नाही, म्हणून फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्याच.