गाडीच्या अपडेटमध्ये कसले आले करिअर?

प्रश्न : मुलगी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाड्यांचे सॉफ्टवेअर अपडेट तपासणाऱ्या टीममध्ये तिला नोकरी मिळते आहे आणि तिला ती हवी आहे. मला वाटते, अपडेट तर मोबाइललाही रोज येतात, त्यात शिकणार काय? अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीची वाट पाहावी का? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. मला मुलीचे म्हणणे पटते.

मोबाइलचे अपडेट फसले तर माणूस चिडतो. गाडीतले सॉफ्टवेअर मात्र ब्रेक आणि स्टिअरिंग सांभाळते. २०१८ साली टेस्लाने ‘मॉडेल ३’ला दुरूनच अपडेट पाठवले. त्यानंतर अमेरिकेतल्या एका ग्राहक संस्थेच्या चाचणीत ताशी ६० मैलांवरून थांबायचे अंतर १५२ फुटांवरून १३३ फुटांवर आले. गाडीला पानाही लावावा लागला नाही. म्हणजे हेच अपडेट चुकले तर काय होईल, याचा विचार कोणीतरी आधी करून ठेवायला हवा. तुमच्या मुलीला ते काम मिळते आहे.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे काम मी शेजारी बसून पाहिले आहे. टेबलावर गाडीचे ईसीयू (ब्रेक, स्टिअरिंगसारखे भाग चालवणारे छोटे संगणक), वायरींचा गुंता आणि एक पॉवर सप्लाय. अपडेट ४० टक्क्यांवर आले की तो मुद्दाम वीज तोडतो. मग पुन्हा चालू करून पाहतो, ईसीयू जागा होतो का? मोठ्या ईसीयूत बहुधा दोन कप्पे असतात. जुने सॉफ्टवेअर एकात चालू राहते, नवे दुसऱ्यात उतरते आणि डिजिटल सही तपासल्यावरच अदलाबदल होते. लहान ईसीयूत तेवढी मेमरी नसते. तिथे फक्त बूटलोडर, म्हणजे ईसीयू सुरू करणारा छोटा प्रोग्राम, शाबूत राहतो आणि सगळे पुन्हा लिहावे लागते. माझा विद्यार्थी मग ४१ टक्क्यांवर वीज तोडतो. बाहेरून कंटाळवाणे दिसते, पण यंत्र आतून कसे विचार करते हे त्याला इथेच समजले.

खरी कसोटी वेगळीच आहे. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत वेगवेगळ्या पुरवठादारांचे सुटे भाग असू शकतात. एखाद्या मालकाने मधली तीन अपडेट घेतलेलीच नसतात. ब्रेकचे सॉफ्टवेअर नवे आणि स्टिअरिंगचे जुने, ही जोडी चालेल का? आणि गाडी पंधरा वर्षे रस्त्यावर राहते. इतकी जुनी मेमरी आणि चिप सांभाळत नवे सॉफ्टवेअर बसवणे मला या क्षेत्रातले सर्वांत अवघड काम वाटते.

सुरक्षेचेही तसेच. २०१५ साली दोन संशोधकांनी चालती जीप दुरून ताब्यात घेऊन दाखवली. त्यानंतर अमेरिकेत सुमारे १४ लाख गाड्यांसाठी रिकॉल निघाला आणि दुरुस्तीचे सॉफ्टवेअर मालकांना पेनड्राइव्हवर टपालाने धाडले गेले. आता संयुक्त राष्ट्रांचे आर१५५ (गाड्यांची सायबर सुरक्षा) आणि आर१५६ (सॉफ्टवेअर अपडेट) हे नियम आहेत. युरोपीय संघात जुलै २०२४पासून ते सर्व नव्या गाड्यांना लागू आहेत. हे जाणणारी माणसे लागणारच.

तिने सी आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषा पक्क्या कराव्यात, कॅन बस (ईसीयूंना जोडणारे गाडीतले जाळे) आणि यूडीएस (ईसीयू तपासण्याची आणि त्यात सॉफ्टवेअर भरण्याची ठरलेली पद्धत) समजून घ्यावे. आयएसओ २६२६२ या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षिततेच्या मानकाची तोंडओळख सध्या पुरे.

एक काळजी मात्र मलाही आहे. काही टीममध्ये नवख्यांकडून नुसत्या एक्सेलच्या रकान्यांत खुणा करून घेतात. म्हणून होकार देण्याआधी तिने विचारावे : अपडेट मध्येच तुटले तर गाडीने काय करायचे, हे इथे कोण ठरवते आणि त्या चर्चेत मला बसता येईल का? उत्तर टोलवाटोलवीचे आले तर घाई नको, मला पुन्हा लिहा. सरळ आले तर तिला अडवू नका.