वाचक विचारतात : ‘सर’पासून ‘तू’पर्यंत

प्रश्न : स. न. वि. वि. माझे वय ४७ आहे आणि आजवर मी मुख्यतः चरित्रे, इतिहास आणि थोडीफार प्रवासवर्णने वाचत आले. आमच्या वाचनगटात यंदा प्रत्येकाने चिठ्ठी उचलून, एरवी हातही लावला नसता अशा प्रकारचे पुस्तक वाचायचे ठरले. माझ्या चिठ्ठीत ‘वयात मोठे अंतर असलेली ऑफिसमधली प्रेमकथा’ निघाली. कादंबरीतला नायक ४५ वर्षांचा विभागप्रमुख आहे; नायिका २६ वर्षांची असून त्याच्याच हाताखाली नव्याने रुजू झाली आहे. नाक मुरडत हातात घेतलेले पुस्तक मी रात्री दोनपर्यंत वाचत बसले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या विभागातल्या नव्या मुलींकडे पाहताना मला उगाचच लाज वाटली. २२ वर्षांच्या नोकरीत साहेबांच्या ‘मर्जी’चा शेवट कसा होतो, हे मी जवळून पाहिले आहे. नायक तिला आपल्याबरोबर दौऱ्यावर नेण्याचे ठरवतो, तिथे मी पुस्तक मिटून ठेवले. पुढच्या महिन्यात गटात बोलायचे आहे. असे पुस्तक आवडले ही माझी चूक, की पुढे वाचवत नाही हा माझा बुरसटलेपणा?

उत्तर : आपण पुस्तक नेमके कुठे मिटले, हे आधी पाहू. नायकाचे वय कळले तेव्हा आपण ते मिटले नाही, पहिल्या स्पर्शापाशीही मिटले नाही. दौऱ्यावर कोणी जायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याने तो स्वतःच्या मनासाठी वापरला, त्या पानावर आपला हात थांबला. २२ वर्षांच्या नोकरीने दिलेली नजर तिथे जागी झाली. तिला बुरसटलेपणा म्हणण्याचे कारण नाही. रात्री दोनपर्यंत वाचत बसण्यातही मला काही चूक दिसत नाही. ज्या माणसाला मान वर करून कोणाकडे पाहायला फुरसत नाही, त्याने आपले काम पाहून थबकावे, ही या कादंबऱ्यांच्या मुळाशी असलेली भूक फार साधी आहे, आणि चरित्रे वाचणाऱ्यांना ती नसते असे थोडेच आहे?

मात्र या प्रकारातली एक कारागिरी ओळखून ठेवावी. आजच्या अनेक प्रेमकादंबऱ्यांत एक प्रकरण तिच्या तोंडून आणि पुढचे त्याच्या तोंडून सांगितलेले असते. त्यामुळे दौऱ्याचा आदेश काढणारा साहेब आदल्या रात्री तळमळत होता, तिला लिहिलेला मेल त्याने तीनदा खोडला होता, हे सगळे आपल्याला कळते आणि आपण त्याला माफ करून टाकतो. प्रत्यक्षात नव्याने रुजू झालेल्या मुलीच्या हाती साहेबांच्या तोंडचे प्रकरण कधीच पडत नाही. तिला फक्त आदेश मिळतो. दुसऱ्या दिवशी आपल्याला वाटलेली लाज या तफावतीतून आली असावी. आपल्या पुस्तकाची रचना अशीच असेल, तर मिटलेल्या पानापासून पुढे आधी केवळ तिची प्रकरणे वाचून पाहा. तेवढ्या मजकुरावरही तो माणूस भरवशाचा वाटला, तर लिहिणाऱ्याने काम चोख केले आहे असे समजावे.

वयाच्या अंतराबाबत एक तोंडी हिशोब प्रचलित आहे : मोठ्याच्या वयाचे निम्मे करून त्यात सात मिळवावेत, धाकटी व्यक्ती त्याहून लहान नसावी. आपला नायक यात नापास होतो, कारण ४५चे निम्मे साडेबावीस, आणि सात मिळवले की साडेएकोणतीस. गंमत अशी की ही जोडी सात वर्षे थांबली, तर तो ५२चा आणि ती ३३ची होऊन हिशोब काठोकाठ जुळतो. पण तोवर तिच्या कामाचा वार्षिक अहवाल तोच लिहीत असेल, तर बदलले काय? जेन ऑस्टिनच्या १८१५ साली आलेल्या ‘एमा’मध्ये नायक नायिकेपेक्षा १६ वर्षांनी मोठा आहे आणि तो तिला वेळोवेळी उपदेशही करतो, तरी वाचकाला फारशी धास्ती वाटत नाही, कारण एमा स्वतःच्या घरची मालकीण आहे, पैशाने निश्चिंत आहे आणि मनात आले तर त्याला सरळ उडवून लावू शकते. वयातले अंतर जवळपास तेवढेच ठेवून मधे पगार आणला, की गोष्टीचा सूर कसा पालटतो ते शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) दिसते. जेन १८ वर्षांची शिक्षिका आहे, रॉचेस्टर तिच्याहून सुमारे २० वर्षांनी मोठा आणि तिचा मालक आहे.

त्या कादंबरीतला एक छोटा प्रसंग मी या प्रकारच्या प्रत्येक पुस्तकाशेजारी ठेवून पाहतो. मरणाला टेकलेल्या मामीला भेटायला जाण्यासाठी जेन रजा मागते. प्रवासाला पैसे हवेत, आणि वर्षाला ३० पौंड पगार असलेल्या जेनचे १५ पौंड रॉचेस्टरकडे येणे आहे. तो ५० पौंडांची नोट पुढे करतो. ती म्हणते, माझ्याकडे सुटे नाहीत. तो म्हणतो, सुटे नकोत, ठेव. आपल्या हक्कापेक्षा अधिक घ्यायला ती नकार देते. मग त्याच्या ध्यानात येते की एवढे पैसे हाती आले तर ही तीन महिने परतणार नाही, आणि तो तिला १० पौंडच देतो. त्यावर ती शांतपणे सांगते, आता तुमच्याकडे माझे पाच राहिले. जाता जाता तो दिलेल्यातलेही नऊ परत मागू लागतो, तेव्हा ती पैशांचा बटवा दोन्ही हातांनी पाठीमागे धरते. प्रसंग थट्टेचा आहे आणि दोघांनाही त्यात गोडी वाटते आहे, तरीही परतीच्या वाटेची किल्ली कोणाकडे आहे हे दोघेही विसरलेले नाहीत. पुढे दोघांचे लग्न ऐन वेळी मोडल्यावर जेन जवळजवळ रिकाम्या हाताने त्याचे घर सोडते, आणि परतते तेव्हा ती कोणाची नोकर नसते. काकाच्या वारशातले स्वतःचे पाच हजार पौंड तिच्यापाशी असतात. तो मात्र दृष्टी गमावून बसलेला आहे. मालकाला आंधळे केल्याशिवाय लेखिकेला तोल साधता आला नाही, अशी तक्रार कोणी केली तर मी फारसा वाद घालणार नाही. पण तोल साधायला हवा, हे तिला पक्के ठाऊक होते.

आपल्या कादंबरीलाही हाच प्रश्न विचारावा : ही मुलगी ‘नाही’ म्हणून उद्या सकाळी त्याच टेबलावर बसू शकते का? तिला स्वतःच्या मैत्रिणी, स्वतःचे काम, साठवलेले चार पैसे आहेत का, की पानागणिक तिचे जग आकसत जाऊन शेवटी तोच एक उरतो? तो तिच्यात काय पाहतो, हेही तपासा. ‘तुझ्या वयाच्या इतर मुलींसारखी तू नाहीस’ या वाक्यापलीकडे त्याला काही सांगता येत नसेल, तर मी अशा नायकाला उभे करत नाही.

पुस्तक इंग्रजी असेल, तर मराठी वाचकाला आणखी एक हत्यार सहज उपलब्ध आहे. इंग्रजीतल्या ‘यू’मध्ये ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ एकाच पांघरुणाखाली झोपतात. महत्त्वाचे संवाद मनातल्या मनात मराठीत आणून पाहा. तो तिला पहिल्याच बैठकीत ‘अगं’ म्हणेल काय? ती ‘सर, तुम्ही’वरून ‘तू’वर कोणत्या पानावर येईल? जिथे आपल्याला हे ठरवता येत नाही आणि दोन्ही रूपे खोटी वाटतात, तिथे बहुधा लिहिणाऱ्यानेही या दोघांचे नाते नीट ठरवलेले नसते. इंग्रजी सर्वनामाने झाकलेली फट मराठीत उघडी पडते. माझ्या अनुभवात प्रणयप्रसंगापेक्षा ही फट अधिक बोलकी निघते.

राहिला पुस्तक पुरे करण्याचा प्रश्न. प्रेमकादंबरीचा शेवट गोड होणार हे लेखक आणि वाचक यांच्यात आधीच ठरलेले असते, त्यामुळे शेवटचे प्रकरण आधी वाचून काही बिघडत नाही. संबंध उघडकीला आल्यावर टेबल कोणाचे हलते, ते तिथे पाहून घ्या. त्याने स्वतःहून वरिष्ठांना सांगून तिच्या कामाची देखरेख दुसऱ्याकडे सोपवली असेल, तर मधली पाने वाचण्याजोगी असतील. तिने राजीनामा दिला आणि लेखकाने ते प्रेमाचे मोल म्हणून साजरे केले असेल, तर पुस्तक मिटलेलेच ठेवा आणि गटात त्या मिटलेल्या पानाविषयी बोला. निवाडा देण्याचे बंधन आपल्यावर नाही. दौऱ्याचा तो प्रसंग मोठ्याने वाचून दाखवला, तरी चर्चेला तेवढे पुरे होईल.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा आहे. नायिका ४४ वर्षांची संचालक आणि नायक तिचा तरुण साहाय्यक, अशी एक कादंबरी मी वाचली आणि मला काहीच खटकले नाही. उलट मांडणी असती तर खटकले असते. माझी दृष्टी दुटप्पी आहे का?

उत्तर : काही अंशी आहे, आणि आपल्याला ती स्वतःहून दिसली हे चांगलेच झाले. अधिकाराच्या जागी बसलेली बाई अजूनही कथेत अपवाद वाटते, म्हणून तिच्या प्रेमात आपल्याला धाडस दिसते आणि तिच्या हातातला अधिकार नजरेआड होतो. एखादे प्रकरण पात्रांची अदलाबदल करून पुन्हा वाचा. ती संध्याकाळी उशिरा त्याला थांबवून घेते, त्याच्या बढतीचा उल्लेख करते आणि मग त्याच्या प्रेयसीची चौकशी करते, असा प्रसंग असेल, तर तो पुरुषाच्या तोंडी जितका ओशाळवाणा वाटेल तितकाच तिच्या तोंडीही वाटायला हवा. बाकी, वयाने मोठ्या स्त्रीला इच्छा असतात हे सरळपणे मांडणारी पुस्तके मोजकीच मिळतात. त्या बाबतीत आपला आनंद मुळीच दुटप्पी नाही.

प्रश्न : अशा पुस्तकांच्या सुरुवातीला आशयाविषयी सूचना छापलेल्या असतात. त्या वाचल्याने पुढचे रहस्य फुटते, म्हणून मी पाने उलटून पुढे जाते. वाचाव्यात का?

उत्तर : सवयीच्या प्रकारातले पुस्तक असेल तर खुशाल उलटा. अनोळखी प्रकारातले असेल तर वाचा. त्या सूचनांत सहसा कथानक नसते, जबरदस्ती, फसवणूक किंवा मृत्यू यांचे प्रसंग आहेत का एवढेच लिहिलेले असते. तेही नको असेल, तर पुस्तक आधी वाचलेल्या मैत्रिणीला त्या पाहायला सांगा आणि तिच्याकडून फक्त ‘वाच’ किंवा ‘नको’ एवढेच ऐकून घ्या.