मेस्त्री, जेट बदलू का?

मागच्या अंकात टू-स्ट्रोक क्वाडबद्दल, म्हणजे मोटरसायकलसारख्या हँडलच्या चार चाकी गाड्यांबद्दल, चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग पडला. आपल्या भागात असल्या गाड्या पाच-सहा असतील असा माझा समज होता. उसाच्या फडामागं, काजूच्या बागेत एवढ्या दडल्यात हे आता कळलं. माझे हात घासले ते आरएक्स हंड्रेड आणि येझदीवर. पण इंजिन दोन स्ट्रोकचं असलं की खालची चाकं दोन आहेत की चार, याचा फार फरक पडत नाही. बहुतेकांनी एकच विचारलंय, जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) कुठला घालू? तिथूनच सुरू करतो.

जांबोटीहून एक वाचक: काका, गोव्यातून सेकंड हँड यामाहा ब्लास्टर आणलीय, १९५ सीसी. एका किकमध्ये चालू होते. पण रेस सोडली तरी आवाज उतरत नाही, आठ-दहा सेकंद तशीच कोकलत राहते. आधीच्या मालकानं ऑइल पंप काढून टाकलाय, मी पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतो. दोन मेस्त्रींनी मिळून तीनदा जेट बदलला. आता कुठला घालू?

कुठलाच घालू नका. ज्या जेटवर गाडी आली होती तोच परत बसवा आणि कार्बोरेटरला काही दिवस हात लावू नका.

रेस सोडल्यावर आवाज लटकून राहतो, म्हणजे इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढतंय. ही हवा कार्बोरेटरमधून येत नाही, त्यामुळे तिच्यासोबत पेट्रोल नाही आणि पेट्रोल नाही म्हणून ऑइलही नाही. फोर-स्ट्रोकला अशी हवा लागली तर गाडी नुसती कुरकुरते. तुमच्यासारख्या मिश्रणावरच्या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला जे काही वंगण मिळतं ते त्या पेट्रोलातूनच, त्यामुळे इथं थेट पिस्टन चिकटतो. माझ्याकडं बैलहोंगलकडचा एक पोरगा कामाला होता. असली गाडी आली की पाना उचलायच्या आधी तो विचारायचा, ‘गाळी यल्लिंद बरतैत्री?’ हवा कुठनं येतीय? प्रश्न तेवढाच आहे.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय काढलेल्या पंपावर. पंप गेला, पण त्याची बारीक नळी जिथं जोडलेली असते ते तोंड नीट बंद केलंय का बघा. कुणी तरी एम-सील चोपडलेलं असतं, वर्षभरात ते तडकतं. त्यानंतर कार्बोरेटर आणि इंजिनामधला रबरी बूट. तो हातानं वाकवून बघा, चिरा घड्यांमध्ये लपलेल्या असतात. मग क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे, दोन्ही ऑइल सील. मॅग्नेटच्या (करंट तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचा सील गेला तर हवा शिरते आणि प्लग पांढरा पडतो. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनात ओढलं जातं, धूर दाट होतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. खाली एक थेंब सांडलेला नसताना गिअर ऑइल कमी होत असेल तर दुसरीकडं शोधत बसू नका.

खात्री करायची पद्धत घरात जमण्यासारखी आहे. डॉक्टरांकडचं जुनं, तबकडीचं बीपीचं मशीन मिळवा. पट्टा बाजूला ठेवा. आपल्याला रबरी फुगा आणि तबकडी हवी. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा दुहेरी तुकडा ठेवा, वरून पत्रा लावून नट आवळा. कार्बोरेटर काढून बुटात पीव्हीसीचं टोपण बसवा, त्याला भोक पाडून सायकलचा व्हॉल्व डकवा आणि फुग्याची नळी तिथं जोडा. प्लग जागेवर, पिस्टन अगदी खाली. आता काटा २६० वर आणा. बीपीच्या भाषेत २६० म्हणजे साधारण ५ पीएसआय, तेवढं पुरतं. चांगलं इंजिन हा दाब पाच-सहा मिनिटं धरून ठेवतं. काटा भराभर उतरला तर साबणाचं पाणी ब्रशनं सगळीकडं लावत फिरा, मॅग्नेटचं झाकण काढून आतही लावा. बुडबुडे आले तिथं चोर. दोन गोष्टी सांभाळा. फुग्याचा स्क्रू स्वतःच गळका असतो, म्हणून आधी नळी चिमटून नुसत्या मशीनचा काटा थांबतो का ते बघा. आणि फुग्याऐवजी टायरचा कॉम्प्रेसर लावू नका, सील जागचे उठतील.

सील बदलायला मॅग्नेट काढाल तर पुलरनंच, म्हणजे तो ओढून काढायच्या हत्यारानंच काढा. हातोडीनं निघतो, मी काढलेला आहे. त्या क्रँकचं पुढं काय झालं ते इथं लिहीत नाही.

निपाणीहून एक वाचक: आमची क्वाड प्रीमिक्सवर (पेट्रोलात आधीच ऑइल मिसळून) चालते. धुरामुळं शेजारी कटकट करतात, म्हणून लिटरला १५ मिली ऑइल घालतो. आरएक्सला तर याहून कमी लागायचं ना? शिवाय हल्लीच्या पेट्रोलचा त्रास होतो म्हणतात, ते खरं का?

१५ मिली म्हणजे ६६ ला १. शेजारी खूश राहतील, पिस्टन राहणार नाही. आरएक्सशी तुलना करू नका. तिला पंप आहे आणि तो रेसच्या हिशेबानं ऑइल सोडतो, सावकाश चालवताना कमी, ताणल्यावर जास्त. तुमच्या टाकीतलं मिश्रण एकदा ठरलं की ठरलं, म्हणून ते सगळ्यात कठीण चढाचा विचार करून ठरवायचं. मी ३२ ला १ धरतो. लिटरला ३१ मिली, ५ लिटरच्या कॅनला १५५. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा. बाटलीच्या टोपणानं मोजणारे एका आठवड्यात तीन वेगवेगळी मापं करतात.

धूरच कमी करायचा असेल तर ऑइलची जात बदला. डब्यावर जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलची प्रत) लिहिलेलं घ्या, त्याचा धूर कमी आणि काजळीही कमी. फोर-स्ट्रोकचं ट्वेंटी-फोर्टी ऑइल मिसळणारे महाभाग अजून भेटतात. ते ऑइल जळण्यासाठी केलेलंच नसतं, रिंगांच्या खाचेत त्याचा डांबर होतो.

यात एक गंमत आहे. ऑइल वाढवलं की मिश्रण किंचित कोरडं होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, कारण जेटचं भोक तेवढंच आणि त्यातून जाणाऱ्यात पेट्रोलाचा वाटा घटतो. म्हणून ६६ वरून ३२ वर आलात की प्लगचा रंग पुन्हा बघा, कसा ते पुढं सांगतो.

पेट्रोलाचं म्हणणं खरं आहे. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यातला ऊस कारखान्यात जातो आणि फिरून आपल्याच टाकीत येतो म्हणा. शुद्ध पेट्रोल जाळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणजे जुन्या पेट्रोलासाठी बसवलेल्या जेटवर आजचं पेट्रोल कोरडं जळतं. गळती नाही याची खात्री झाल्यावर मेन जेट एक नंबर मोठा घालायला माझी हरकत नाही. (जेट बदलू नका म्हणून पान भरलं आणि इथं हा सांगतोय, असं म्हणाल. पण क्रम बघा.) दुसरी भानगड पावसाळ्यातली. इथेनॉल पाणी ओढतं, ते ठरावीक मर्यादेपलीकडं गेलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं. कॉक तळाशीच असतो. त्या थरात ऑइल जवळपास नसतं. जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी दोन्ही रिकामी करा. कालवलेलं पेट्रोल तीन आठवड्यांच्या वर ठेवू नका.

येळ्ळूरहून एक वाचक: क्वाड चेंडूसारखी उडते. बांधावरून उतरताना उलटता उलटता वाचलो. शॉकअप बदलू का?

टायरमध्ये हवा किती? पंक्चरवाल्यानं मोटरसायकलसारखी ३० भरली असणार. असल्या स्पोर्ट क्वाडच्या फुगीर टायरला ४ पीएसआयच्या आसपास पुरते, नेमका आकडा टायरच्या बाजूला किंवा गाडीच्या स्टिकरवर असतो. पंपावरच्या मीटरला ४ नीट दिसतच नाही, कमी दाबाचं वेगळं मीटर घ्या. शॉकअप राहू द्या.

बेळगावहून एक वाचक: पिकअपमध्ये घालून क्वाड महिन्यातून एकदा गोव्याला मित्राच्या बागेत नेतो. इथं झकास चालते, तिथं गेलं की तापते आणि ताणल्यावर टिकटिक आवाज करते.

पिकअपमधून नेता हे बरं करता, या गाड्यांना रस्त्याची नोंदणी नसते.

बेळगाव साधारण ७५० मीटरवर आहे. इथली हवा समुद्रकाठापेक्षा सात टक्क्यांच्या आसपास विरळ. इथं बरोबर बसवलेला जेट घेऊन घाट उतरलात की हवा दाट होते, पेट्रोल तेवढंच, मिश्रण कोरडं. गोव्याच्या उकाड्यानं हवा थोडी पातळ होऊन यातलं काही भरून निघतं, सगळं नाही. टिकटिक ऐकू आली की तिथल्या तिथं रेस सोडा. गोव्यासाठी एक नंबर मोठा मेन जेट डबीत ठेवा आणि प्लगचा रंग बघून ठरवा. सपाट जागेवर वरच्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन थोडं पळवा, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद, रेस तशीच. प्लग काढून त्याच्या पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी बुडाशी बघा. तिथं कॉफीच्या रंगाचं कडं हवं. टोकाचा रंग फसवतो. डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडंही हवा दाट असते, तेव्हा दुपारी जुळवलेली गाडी सकाळी सात वाजता ताणू नका.

आणि उतारावरची एक गोष्ट, स्वतःच्या खिशातून शिकलेली. १९८९ साली मी येझदीवरून अनमोड घाट उतरत होतो. पेट्रोलात ऑइल मिसळूनच चालायची ती. ब्रेक तापू नयेत म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये, रेस पूर्ण बंद करून, शहाण्यासारखा इंजिनावर रोखत उतरलो. मोलेमच्या अलीकडं मागचं चाक एकदम धरलं. रेस बंद म्हणजे पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे ऑइल बंद, आणि इंजिन मात्र गरागरा फिरतंय. साबच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटारींना याचसाठी फ्रीव्हील (रेस सोडली की चाकांपासून इंजिन मोकळं करणारी सोय) दिलेलं असायचं, हे मला फार नंतर वाचनात आलं. लांब उतारावर दर थोड्या वेळानं क्लच दाबून दोन फटके रेस द्या, किंवा मधूनमधून हलकी रेस धरा. मला त्या दिवशी ट्रकमधून खानापूरला परत यावं लागलं, आणि रिबोअरसाठी (सिलिंडर आतून पुन्हा कोरून घ्यायला) बेळगावच्या उद्यमबागला वेगळं.

हल्याळहून एक वाचिका: आमचे हे फोमचा एअर फिल्टर पेट्रोलात धुतात आणि कोरडाच बसवतात. बरोबर आहे का?

नाही ताई, दोन्ही चूक. पेट्रोलानं फोमचा डिंक सुटतो आणि आग लागायची भीती वेगळीच. रॉकेलात बुडवून दाबा, मग भांड्याच्या साबणानं धुवा. पिळायचं नाही, नुसतं दाबायचं. सावलीत वाळवून फिल्टर ऑइल लावा आणि जास्तीचं दाबून काढा. ऑइलशिवाय फोम म्हणजे चाळण, लाल धूळ तिच्यातून आरामात जाते. बसवताना कडेला ग्रीसची बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी फिल्टर काढाल तेव्हा मागच्या बुटात आतून पांढरं फडकं फिरवा. फडकं लाल झालं तर त्या दिवशी गाडी चालू करू देऊ नका, आधी बुटाचा क्लॅम्प तपासायला सांगा.